लिनक्स बसवलं, आता पुढे? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. फोंडा, डिचोली, सत्तरी भागात घरोघरी असे संगणक आहेत, जे चांगले चालतात पण त्यांच्यावर विंडोज ११ चढत नाही. विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स ही मोफत व्यवस्था मिंट, उबुंटू अशा वेगवेगळ्या रूपांत मिळते. त्यांतल्या काही संगणकांवर मी लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू घालून ते पुन्हा कामाला लावून दिले. कुणी शिक्षक, कुठे देवस्थान समितीचं कार्यालय, कुठे पेडण्याकडचं चार खोल्यांचं गेस्ट हाऊस. बसवायला तास-दीड तास लागतो. खरे प्रश्न नंतर सुरू होतात, आणि फोन बहुतेक रात्री जेवणानंतर येतो. तेच प्रश्न इथे लिहून ठेवत आहे. उत्तरं मिंट आणि उबुंटू डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. डेबियन हे आणखी एक लिनक्स वापरणाऱ्यांनाही त्यांतली बरीचशी लागू पडतील.

ताई, लिनक्सला व्हायरस लागत नाही ना?

विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस लिनक्सवर आपोआप चालत नाही, हे खरं. विंडोजचे प्रोग्राम चालवण्यासाठी वाईन बसवलं असेल तर मात्र तेवढी फट उघडी राहते.

पण लिनक्सवर हल्लेच होत नाहीत, हे खरं नाही. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामनं जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. ही यंत्रं आतून लिनक्सवरच चालतात. मिराईनं त्यासाठी कुलूप फोडलं नाही. कारखान्यातून येताना असणारे साठेक ठरलेले पासवर्ड त्यानं एकामागून एक लावून पाहिले, आणि मालकांनी ते कधी बदललेच नव्हते. त्या यंत्रांच्या फौजेनं २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर मारा केला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं कितीतरी लोकांना काही तास उघडेनात. आपल्याकडे कळंगुटपासून मोरजीपर्यंत दुकानादुकानांत कॅमेरे लागले आहेत. तुमच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड बसवणारा ठेवून गेला तोच आहे का, एवढं आज तपासा.

घरच्या संगणकावर संकट दोन वाटांनी येतं. एक ब्राउझरमधून. फसवं पान विंडोजवर दिसतं तसंच लिनक्सवर दिसतं. दुसरी वाट म्हणजे आपण स्वतः पासवर्ड टाकून आत घेतलेला प्रोग्राम. ही दुसरी वाट पूर्णपणे आपल्या हातात असते, म्हणून पुढे तिच्यावरच जास्त लिहिलं आहे.

काहीही बसवायला गेलं की पासवर्ड मागतो. वैताग येतो. बंद करून द्याल?

बंद करता येतं, पण मी करून देत नाही. कारण सांगते.

लिनक्सवर तुम्ही रोज ज्या खात्यानं आत शिरता, त्या खात्याची सत्ता स्वतःच्या फोल्डरपुरती असते. तिथे लिहा, पुसा, हवं ते करा. सिस्टीमच्या फाइलींना हात लावायची सत्ता रूट या एकाच खात्याकडे असते. पासवर्ड टाकून तुम्ही ती सत्ता थोड्या वेळासाठी उसनी घेता. त्यालाच सुडो म्हणतात. ही चौकट काढून टाकली, तर तुमच्या नावानं चालणारा कुठलाही प्रोग्राम तुम्हाला न विचारता सिस्टीमचा मालक होऊ शकतो.

माझा नियम साधा आहे: पासवर्डची चौकट तुमच्या कृतीमागून आली पाहिजे. अपडेटचं बटण तुम्ही दाबलंत आणि चौकट आली, तर ठीक. तुम्ही पेपर वाचत बसला होता आणि ती आपोआप उगवली, तर आधी रद्द करा, मग तिच्यावर कुठल्या प्रोग्रामचं नाव आहे ते वाचा. रद्द केल्यानं काही बिघडत नाही. खरंच गरज असेल तर ती परत येईल.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. घरचे फोटो, हिशोबाच्या फाइली, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड हे सगळं तुमच्याच खात्यात असतं. ते चोरायला रूटची गरज लागत नाही. म्हणून ‘पासवर्ड मागितला नाही, म्हणजे प्रोग्राम निरुपद्रवी’ असा उलटा अर्थ काढू नका.

टर्मिनलमध्ये पासवर्ड टाईपच होत नाही. कीबोर्ड गेला का?

कीबोर्ड ठीक आहे. बहुतेक ठिकाणी टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, पासवर्डची अक्षरं दाखवत नाही, तारकाही उमटवत नाही. न बघता टाईप करा आणि एंटर दाबा. मिंटमध्ये तारका दिसतात, त्यामुळे मिंटवरून दुसऱ्या लिनक्सवर गेलेले लोक हमखास इथे अडखळतात.

क्रोम उघडलं की ‘कीरिंग’चा पासवर्ड मागतो. हे काय नवीन?

कीरिंग म्हणजे ब्राउझर आणि इतर प्रोग्रामांची गुपितं ठेवायची पेटी. संगणक सुरू करताना तुम्ही पासवर्ड टाकता तेव्हा ही पेटीही त्याच चावीनं उघडते. तुम्ही ‘पासवर्डशिवाय थेट आत’ ही सोय लावली असेल, तर पेटीला चावी मिळत नाही आणि ती नंतर मागते. पेटीला रिकामा पासवर्ड द्यायचा सल्ला जागोजागी मिळतो. तसं केलं तर आतली गुपितं उघडी पडतात. त्यापेक्षा सुरुवातीला पासवर्ड टाकायची सवय ठेवा. दिवसातून एकदाच तर टाकायचा आहे.

प्रोग्राम कुठून घ्यावा? गुगलवर शोधून डाउनलोड केला तर?

विंडोजची ही सवय आधी सोडा. मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, उबुंटूत ॲप सेंटर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपण सोलं नाहीतर मिरच्या ओळखीच्या बाईकडून घेतो, कारण पुढच्या शुक्रवारी ती तिथेच बसलेली असते. वितरणाच्या, म्हणजे मिंट-उबुंटू बनवणाऱ्यांच्या, भांडाराचं तसंच आहे. तिथल्या पॅकेजांच्या यादीवर सही असते, आणि सही किंवा पॅकेज त्या यादीशी जुळलं नाही तर सिस्टीम ते घेताना अडवते.

पण एकाच खिडकीत भांडाराबरोबर इतरांचा मालही मांडलेला असतो, आणि तो कुणीही मांडू शकतो. २०२३ आणि २०२४ मध्ये स्नॅप स्टोअर या उबुंटूच्या ॲप-दुकानात क्रिप्टोच्या पाकिटांची नकली ॲप आली होती. लोकांनी त्यांत आपले गुप्त शब्द टाईप केले आणि पैसे गेले. जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या वापरकर्ता-भांडारात फायरफॉक्ससारख्या ब्राउझरांच्या नावाशी मिळतीजुळती पॅकेजं चढली. त्यांत दुरून संगणकाचा ताबा घेणारा प्रोग्राम दडवला होता. दोनेक दिवसांत ती काढली गेली, पण तेवढ्यात ज्यांनी घेतली त्यांच्या घरात चोर शिरला होता. फ्लॅटहब या दुसऱ्या ॲप-दुकानात मूळ लेखकानं स्वतः ठेवलेल्या ॲपवर पडताळणीची खूण असते, ती बघा. नावापुढे प्रकाशकाचं नाव असतं, तेही वाचा.

नेटवर एक कमांड मिळाली. टर्मिनलमध्ये पेस्ट करू का?

हा प्रश्न मला विचारून मग पेस्ट करणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. बहुतेक लोक पेस्ट करून झाल्यावर विचारतात.

तीन गोष्टी बघा. कमांडमध्ये आरएम आणि त्याला जोडून आरएफ दिसलं, तर ती न विचारता पुसणारी कमांड आहे. सुरुवातीला कर्ल किंवा डब्ल्यूगेट आणि शेवटी उभी रेघ ओढून बॅश असेल, तर इंटरनेटवरून काहीतरी आणून न वाचताच चालवलं जातंय. सीएचमॉड ७७७ दिसलं, तर सगळ्यांना सगळ्या परवानग्या दिल्या जात आहेत. एका शाळेच्या संगणकावर कुणीतरी हीच कमांड पूर्ण डिस्कवर चालवली होती, कारण एक फोल्डर उघडत नव्हता. त्यानंतर सुडोच चालेना. सुडोच्या फाइलीवर एक खास खूण असते, तीही या कमांडनं पुसली गेली होती. शेवटी फाइली काढून घेऊन सगळं नव्यानं बसवलं.

आणखी एक सावधगिरी. पानावर दिसणारा मजकूर आणि कॉपी झालेला मजकूर वेगळा असू शकतो. ती युक्ती वापरणारी पानं आहेत. म्हणून आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये पेस्ट करा, वाचा, मग टर्मिनलमध्ये न्या. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी ही ओळ पेस्ट करा’ असं सांगणारं पान सरळ बंद करा. एआयनं लिहून दिलेल्या कमांडलाही हीच कसोटी लावा. तीसुद्धा तुमच्याच संगणकावर आणि तुमच्याच पासवर्डनं चालणार असते.

लिनक्सचा कोड सगळ्यांना उघडा असतो म्हणता. मग चोरालाही तो उघडाच की!

बरोबर. मार्च २०२४ मध्ये जे घडलं ते प्रत्येक वापरकर्त्यानं माहीत करून घ्यावं असं मला वाटतं.

एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करणारं साधन आहे. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये ते असतं, आणि सांभाळायला मुख्यतः एकच थकलेला माणूस होता. जिया टॅन या नावाचं एक खातं २०२१ पासून पुढे आलं. त्यानं दोन वर्षांहून अधिक काळ खरोखरची, उपयोगाची कामं करून दिली आणि विश्वास कमावला. शेवटी त्या प्रकल्पाच्या चाव्या त्याच्याही हाती आल्या. मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये त्यानं चोरदार बसवलं. त्यातून एसएसएच या, दुरून संगणकात जायच्या वाटेनं दुसऱ्याच्या सर्व्हरमध्ये शिरता आलं असतं.

ते सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंता. एसएसएचनं आत जायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या कुणी ते सोडून दिलं असतं. त्यांनी मुळापर्यंत खणलं आणि २९ मार्च रोजी सगळ्यांसमोर मांडलं. कोड उघडा होता म्हणूनच एका बाहेरच्या माणसाला इतक्या खोल जाता आलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत आणि उबुंटूच्या प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांपर्यंत ते पोचलंच नव्हतं. पोचलं ते डेबियनच्या चाचणी शाखा, फेडोराची येऊ घातलेली आवृत्ती, काली अशा अगदी ताज्या मालात. म्हणून घरच्या आणि कार्यालयाच्या संगणकावर मी सगळ्यात नवीन आवृत्ती घालत नाही, मुरलेली घालते.

अपडेट रोज करायचे का?

आले की करा. सुरक्षेचे अपडेट उबुंटू स्वतःहून घेतं. मिंटमध्ये ती सोय अपडेट मॅनेजरच्या पसंतीत जाऊन चालू करावी लागते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला असेल तर संगणक बंद करून सुरू केल्याशिवाय नवा कर्नल लागू होत नाही. महिना-महिना झाकण मिटून लॅपटॉप झोपवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आपली आवृत्ती अजून जिवंत आहे ना, तेही बघा. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा पाठिंबा २०२५ च्या मेअखेर संपला. मिंट २१ ला २०२७ पर्यंत आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घकाळ पाठिंब्याच्या) नसलेल्या आवृत्त्या नऊच महिने टिकतात, त्या घरी घालू नका. उबुंटू प्रो ही सेवा वैयक्तिक वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे. तिच्यामुळे एलटीएसचं आयुष्य दहा वर्षांपर्यंत जातं.

अपडेट करताना ‘कुड नॉट गेट लॉक’ म्हणतो आणि अडतो.

मागे दुसरं अपडेट चालू आहे. दहा मिनिटं थांबा. ती लॉकची फाइल पुसून टाका असं कुणी सांगेल, तर ऐकू नका. चालू असलेलं काम अर्ध्यावर मोडेल. वीज जाऊन अपडेट अर्धवट राहिलं असेल, तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ (sudo dpkg --configure -a) ही कमांड राहिलेलं काम पुरं करते.

लिनक्स बसवण्यासाठी डाउनलोड केलेली आयएसओ फाइल खरी आहे, हे कसं ओळखायचं?

२० फेब्रुवारी २०१६ रोजी खुद्द लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात हल्लेखोर शिरले. त्यांनी १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडचा दुवा बदलून चोरदार असलेल्या फाइलीकडे वळवला. म्हणजे अधिकृत पानावरून घेतलेली फाइलही खोटी निघू शकते. शा-२५६, म्हणजे फाइलीवरून काढलेला लांबलचक ओळख-आकडा, जुळवून बघणं ही पहिली पायरी. पण ज्या हल्लेखोराला पान बदलता येतं, त्याला त्यावरचा आकडाही बदलता येतो. म्हणून आकड्यांच्या फाइलीवरची जीपीजी सही, म्हणजे बनवणाऱ्यांची डिजिटल सही, तपासणं ही खरी पायरी. मिंटच्या पानावर दोन्हीची कृती दिलेली आहे. पहिल्यांदा अर्धा तास जातो, पुढच्या वेळी दोन मिनिटं पुरतात.

पासवर्ड विसरलो. आता सगळं गेलं?

डिस्क कूटबद्ध केलेली नसेल तर काही गेलेलं नाही. संगणक सुरू होताना ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला येणाऱ्या पर्यायांच्या, यादीतून रिकव्हरी मोड निवडायचा, रूटचं टर्मिनल उघडायचं आणि नवा पासवर्ड लावायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता याच उत्तराची दुसरी बाजू बघा. मला जे पाच मिनिटांत जमतं, ते तुमचा लॅपटॉप उचलून नेणाऱ्यालाही जमतं. त्याला पासवर्ड बदलायचीही गरज नाही. पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवरून त्यानं संगणक सुरू केला की तुमच्या फाइली समोर दिसतात. हे थांबवतं ते फक्त डिस्कचं कूटबंधन, म्हणजे लक्स. लिनक्स बसवतानाच त्याची खूण करावी लागते. नंतर करायचं म्हटलं तर बहुधा नव्यानं बसवावं लागतं. घराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपवर मी ते लावते. आणि मालकाला समोर बसवून सांगते, की हा परवलीचा शब्द हरवला तर मी, दुकानदार किंवा जगातला कुणीही फाइली परत आणू शकणार नाही. तो कागदावर लिहा आणि घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवा.

आमचं छोटं गेस्ट हाऊस आहे. रिसेप्शनच्या संगणकावर पाहुण्यांचे पासपोर्ट असतात. काय करू?

हा प्रश्न विचारणारे थोडे, पण ज्यांनी विचारायला हवा असे कितीतरी आहेत.

परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारी पोर्टलवर भरावी लागते, ज्याला आपण सी-फॉर्म म्हणत आलो. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो घेतले जातात. बहुतेक ठिकाणी ते व्हॉट्सॲप वेबवरून येतात, डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये पडतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. एका ठिकाणी मी तो फोल्डर उघडला तेव्हा अनेक देशांच्या माणसांचे चेहरे, जन्मतारखा, पासपोर्टचे आकडे समोर होते, आणि तो संगणक ‘जरा प्रिंट काढू का’ म्हणणाऱ्या कुणालाही वापरायला मिळत होता. ती माणसं आपल्यावर विश्वास टाकून कागद देतात. तो विश्वास आपण सांभाळला पाहिजे.

डिस्क कूटबद्ध करा. मालकाचं खातं वेगळं, कामाला येणाऱ्या मुलाचं वेगळं, पाहुण्यांसाठी तिसरं, आणि त्या तिसऱ्या खात्याला सुडो नाही. खुर्चीवरून उठताना स्क्रीन कुलूपबंद करा: उबुंटूत सुपर (विंडोजची खूण असलेली कळ) आणि एल, मिंटमध्ये कंट्रोल, आल्ट आणि एल. काम झालं की आणि कायद्यानं ठेवायची गरज संपली की फोटो पुसा, कचरापेटीही रिकामी करा. पाहुण्यांचं वायफाय आणि रिसेप्शनचं वायफाय वेगळं ठेवा. हल्लीच्या बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असते. आणि राउटरचा स्वतःचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या आत शिरायचा वेगळा, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

पावसात वीज गेली, आली, आणि आता काळ्या पडद्यावर ‘इनिटरामएफएस’ दिसतंय.

जून ते सप्टेंबर हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. लिखाण चालू असताना वीज गेली की फाइलींची मांडणी विस्कटते. लिनक्सची एक्स्ट४ ही मांडणी रोजनिशी ठेवते, त्यामुळे बहुतेक वेळा ती स्वतःच सावरते. फार विस्कटलं तर ती तुम्हाला बोलावते. त्या पडद्यावर डिस्कच्या एका भागाचं नाव असतं, बहुधा एसडीए आणि पुढे आकडा. ‘एफएससीके -वाय’ (fsck -y) लिहून पुढे ते नाव जसंच्या तसं टाका. दुरुस्ती होऊ द्या, मग संगणक पुन्हा सुरू करा.

एवढ्यावर थांबू नका. सुरू झाल्यावर डिस्क्स हे ॲप उघडून स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची, माहिती बघा. वीज न जाताही हा पडदा आला असेल, किंवा महिन्यात दोनदा आला असेल, तर बहुधा डिस्कच मरायला टेकली आहे. आधी फाइली बाहेर काढा.

डेस्कटॉपला यूपीएस लागतोच. आणि गडगडायला लागलं की संगणकाबरोबर राउटरचा प्लग आणि लॅनची तारही काढा. फायबरमधून वीज येत नाही, पण राउटरच्या ॲडॅप्टरमधून आलेला झटका लॅनच्या तारेनं मदरबोर्डपर्यंत पोचतो.

टाइमशिफ्ट चालू आहे, म्हणजे बॅकअप झाला ना?

नाही. टाइमशिफ्ट सिस्टीमची प्रत ठेवतं. तुमचा होम फोल्डर, म्हणजे फोटो, कागद, मुलांचं काम, तो सहसा घेतच नाही. अपडेट बिघडलं तर मागे जायला टाइमशिफ्ट उत्तम, पण डिस्क गेली तर तेही तिच्याबरोबर जातं.

मे महिन्यात आपण पुरुमेंत भरतो: सोलं, मिरच्या, सुकी मासळी, पावसाचे चार महिने पुरेल एवढं. त्याच आठवड्यात बाहेरची हार्ड डिस्क आणून होम फोल्डर तिच्यावर उतरवा. त्यासाठी बॅकअप्स हे ॲप पुरेसं आहे. पासवर्ड घालून प्रत घेण्याची सोय त्यात आहे. डिस्क संगणकाला जोडून ठेवू नका. प्रत घेतली की काढा आणि कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. चवथीच्या आधी एकदा परत घ्या. आणि त्यातली एखादी फाइल परत काढून उघडते का, तेही बघा. न उघडणारे बॅकअप मी पाहिले आहेत.

झेरॉक्सवाल्याकडून पेनड्राइव्ह आणला, आत फक्त शॉर्टकट दिसतात.

विंडोजचा जुना, ओळखीचा व्हायरस आहे. तो तुमच्या फाइली लपवतो आणि जागी शॉर्टकट ठेवतो. पुष्कळदा त्या सगळ्या एका बिननावाच्या फोल्डरमध्ये ढकललेल्या असतात. विंडोजमध्ये तो फोल्डर दिसत नाही, लिनक्समध्ये सरळ दिसतो. आतल्या फाइली काढून घ्या, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. तुमच्या लिनक्सला काही झालेलं नाही, पण तोच पेनड्राइव्ह तसाच पंचायतीत नेलात तर तिथल्या विंडोजला लागेल. ज्यांच्याकडे अशी ये-जा आहे त्यांनी क्लॅमएव्ही हे व्हायरस शोधणारं साधन बसवावं. ते स्वतःपेक्षा दुसऱ्यांसाठी.

कॉपी झाली असं दिसलं तरी पेनड्राइव्ह लगेच ओढू नका. लिनक्स मागून लिहीत असतं. इजेक्ट दाबा, ‘आता काढा’ असं आल्यावरच काढा.

प्रत्येक संकेतस्थळ ‘असुरक्षित’ म्हणतंय. हॅक झालो का?

आधी घड्याळ बघा. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख कितीतरी वर्षं मागे जाते. मग ब्राउझरला सगळीच प्रमाणपत्रं चुकीच्या काळातली वाटतात. सीआर२०३२ हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे-मागे होत असेल, तर तुमच्याकडे विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक म्हणून वाचतं. लिनक्सवर ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ (timedatectl set-local-rtc 1) एकदा चालवलं की भांडण मिटतं.

फायरवॉल लागते का?

घरी राउटर बरंच अडवतो. हॉटेल, कॅफे, कॉलेजच्या वायफायवर मात्र लागते, आणि उबुंटू-मिंटमध्ये ती आधीपासून असली तरी बंद असते. मिंटमध्ये फायरवॉल नावाचं ॲप उघडून बटण सरकवा, संपलं. सप्टेंबर २०२४ मध्ये छपाईच्या कप्स व्यवस्थेत एक भगदाड उघडकीस आलं. नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारा तिचा भाग ६३१ या दारावर येईल त्याचं ऐकत बसायचा. अपडेटनं ते बुजवलं, पण ज्यांची फायरवॉल चालू होती त्यांचं ते दार बाहेरच्यांना आधीच बंद होतं.

मराठी टाईप कसं करायचं? जुन्या फाइली तर उघडल्यावर भलतंच दिसतं.

कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहे, ते जोडा. रोमन अक्षरांतून लिहायचं असेल तर आयबस-एम१७एन बसवा. इनस्क्रिप्टमध्ये ‘ऱ्या’ लिहायला शिफ्ट धरून र, मग हलन्त, मग या.

जुन्या फाइली श्रीलिपी किंवा तशाच युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतील, तर आत मुळात देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं चढवलेली असतात. त्या युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात. भजनी मंडळाचे, नाटकांचे कितीतरी मजकूर असे अडकून पडले आहेत. ते सोडवा, पण ‘मोफत सगळे फाँट’ अशी पाटी लावलेली झिप फाइल कुठूनही उचलू नका.

डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालतं का?

काही चालतात. ईपास २००३ सारखं टोकन चालू शकतं. पीसीएससीडी ही टोकन वाचणारी सेवा चालू हवी, आणि फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये सुरक्षा-उपकरणांत त्याची लायब्ररी जोडावी लागते. उबुंटूत २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपच्या बंद पेटीत येतो आणि पेटीबाहेरची लायब्ररी त्याला दिसत नाही. मोझिलाच्या स्वतःच्या भांडारातलं डेब पॅकेज घेतलं की अडचण सुटते. पण काही पोर्टलना सहीसाठी विंडोजचाच मदतनीस प्रोग्राम लागतो. निविदा भरणारे ठेकेदार आणि सीए यांना मी आधीच सांगते: एक विंडोज यंत्र हाताशी ठेवा.

बँकेचं काम लिनक्सवर केलेलं बरं का?

बरं. फक्त पत्ता स्वतः टाईप करा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर यायचं होतं, त्यामुळे आता पत्त्याचा शेवट बघणं सोपं झालं आहे. पासवर्ड साठवायला कीपासएक्ससी वापरा.

‘आज रात्री वीज तोडणार’ असा मेसेज आला. सांगितलेल्या नंबरवर फोन केला, त्यांनी एक ॲप घालायला लावलं, आणि पैसे गेले. आता?

ही फसवणूक करणारे लिनक्सलाही अडत नाहीत. ते स्क्रीन दुरून दाखवणारं ॲप घालायला लावतात, आणि तशी ॲप लिनक्सवरही असतात. फोनवर एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, पाठवतात, कधी लग्नाची पत्रिका म्हणून, कधी चलन म्हणून. यात तुमची अक्कल कमी पडली असं मनाला लावून घेऊ नका आणि घरच्यांपासून लपवू नका. लपवण्यात गेलेला वेळच सगळ्यात महाग पडतो.

आधी वायफाय आणि डेटा बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून लगेच १९३० लावा, मग बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांतून निघण्याआधी कळलं तर ते गोठवता येतात, म्हणून मिनिटं मोजा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपा. पासवर्ड बदला, तेही दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून, आणि ईमेलचा सगळ्यात आधी, कारण बाकीचे सगळे त्याच्यातूनच बदलता येतात. मेसेज, नंबर, व्यवहाराच्या नोंदी यांचे फोटो काढून ठेवा. संगणक पुसायची घाई करू नका. तक्रार नोंदली, पोलिसांना बघायचं ते बघून झालं, की मला फोन करा. आपण बसून नव्यानं घालू.